संतसाहित्याच्या रॅकवर फादर स्टीफन्स: औरंगपुऱ्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान

संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे, खाली स्टेशनरीवाला बसतो आणि जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असलं तर आपण खालीच थांबायचं. रस्त्यावरून बोर्ड दिसत नाही. मी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा गेले, त्यानंतर दोनदा जाऊन आले आणि एकदा पार्सलनं मागवलं, म्हणजे आता लिहायला हरकत नाही एवढा अनुभव झालाय. असं दुकान चाललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अंबाजोगाईला शाळेत मराठी शिकवते. मराठी भाषा म्हणजे फुलांत मोगरी, सुगंधात कस्तुरी, पक्ष्यांत मोर आणि झाडांत कल्पतरू, ह्या अर्थाच्या फादर स्टीफन्सच्या ओव्या आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकल्यात. मी त्या कितीतरी वर्षं शिकवल्या. "इंग्रज पाद्री, गोव्यात आला, मराठी शिकला, ख्रिस्तपुराण लिहिलं" एवढं सांगून पुढे जायचे. मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम त्याचे आईवडील कोण होते, त्यांनी एवढ्या लांब येऊ कसं दिलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या सांगते म्हटलं आणि ते उद्या काही आलं नाही, आणि ती गोष्ट मला फार लागून राहिली.

मग पुस्तक शोधायला सुरुवात केली. लातूरला बघितलं, संभाजीनगरला (आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं) दोन-तीन मोठ्या दुकानांत विचारलं, एका ठिकाणी सांगितलं की ख्रिस्ती पुस्तकं आम्ही ठेवत नाही, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले चर्चजवळ बघा. ह्या दुकानाचं नाव मला बसमध्ये शेजारी बसलेल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं.

आत गेल्यावर मी सवयीनं विचारलं, धर्म विभाग कुठंय? काका (दुकानाचे मालक, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काकाच म्हणतात) म्हणाले, कोण पाहिजे ते सांगा. मी फादर स्टीफन्स म्हटलं तर ते उठले आणि सरळ संतसाहित्याच्या रॅककडे गेले. तिथं एकनाथ महाराजांचं भागवत, भारुडं वगैरे दीड खण, मग एक जागा रिकामी, मग दासोपंत. त्या रिकाम्या जागेत पुठ्ठ्याची चिठ्ठी उभी केलेली होती, "स्टीफन्स, प्रत बांधणीला दिली आहे". मला कळेना, ह्या दोघांच्या मधे हा कसा. काका म्हणाले, "मॅडम, हा रॅक जन्मसालानं लावलाय. नाथ १५३३, स्टीफन्स १५४९ च्या आसपास, दासोपंत १५५१. कोणाला कुठं ठेवायचं हे मी नाही ठरवत."

मी तिथं उभी राहून गप्पच झाले. दासोपंत आमच्या गावचे. चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर त्यांनी ग्रंथ लिहिला, ती पासोडी (जाड सुती चादर) मी लहानपणी अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, बोट धरून पाहिलीय. नाथांचं पैठण आमच्याच मराठवाड्यातलं. पण हे दोघं आणि तो गोव्यातला पाद्री एकाच वेळी जिवंत होते, आणि तिघंही ओव्या रचणारे, हे मला इतकी वर्षं शिकवूनही कधी दिसलं नव्हतं. दासोपंत १६१५ ला गेले आणि १६१६ ला ख्रिस्तपुराण छापून बाहेर आलं. एका रॅकनं मला हे दाखवलं.

प्रत बांधणीला होती म्हणून दोन तास थांबावं लागलं, आणि त्या दोन तासांत काकांनी मला त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. काही मी नंतर वाचून पक्कं केलं. ते इथं लिहिते कारण मला ह्या दुकानातून मिळालेली खरी वस्तू तीच आहे.

थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशर भागातला, बुश्टन नावाच्या खेड्यातला. वडील व्यापारी, त्यांचंही नाव थॉमसच. घर खाऊन पिऊन सुखी, मुलाला विंचेस्टरच्या नामांकित शाळेत घातलेलं. रिचर्ड नावाचा भाऊ पुढे पॅरिसला धर्मशास्त्राचा पंडित झाला. म्हणजे घरात पैसाही होता आणि विद्याही. पण काळ एलिझाबेथ राणीचा, आणि कॅथलिक असणं म्हणजे जिवावरचं काम. थॉमसची मैत्री थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत माणसाशी झाली, हा पाउंड आधी राणीच्या दरबारातला, नंतर सगळं सोडून धर्माकडे वळलेला. स्टीफन्स त्याचा नोकर असल्याचा वेष घेऊन त्याच्याबरोबर फिरायचा. दोघांचं ठरलं होतं रोमला पळून जायचं आणि जेझुइट ह्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात शिरायचं, पण पाउंड पकडला गेला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं ह्या ना त्या तुरुंगात राहिला. स्टीफन्स एकटा रोमला पोचला, १५७५ मध्ये संघात दाखल झाला, आणि तिथं जाऊन मित्राला विसरला नाही, त्याच्यासाठी शब्द टाकला आणि पाउंडला तुरुंगात असतानाच पत्रानं संघात घेतलं गेलं. मला हा भाग फार आवडतो.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाज निघालं, २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. साडेसहा महिने. आणि पोचल्यावर अडीच आठवड्यांत, १० नोव्हेंबरला, त्यानं वडिलांना पत्र लिहिलं. त्यात सगळं आहे, उडणारे मासे, लोकांच्या हिरड्या सुजून कापाव्या लागल्या ते, दीडशेच्या आसपास माणसं आजारी पडली आणि सत्तावीस गेली ते, वाट चुकून पाणी कमी पडायला लागलं ते, आणि जमीन जवळ आल्याच्या खुणा कशा दिसल्या तेही, आधी हिंदुस्थानातले पक्षी, मग पाण्यावर तरंगणाऱ्या ताडामाडाच्या फांद्या, मग पोहणारे साप. व्यापारी बापाला रस वाटेल असं सगळं बारकाईनं लिहिलेलं. पुढे हे पत्र इंग्लंडमध्ये छापलं गेलं आणि इथं यायची स्वप्नं बघणाऱ्या व्यापाऱ्यांनी ते वाचलं. पत्र लिहिल्यानंतर वीसेक वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनी निघाली. गोव्यात चार इंग्रज व्यापारी कैदेत पडले तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायलाही हाच धावला.

घरी येऊन मी हे अण्णांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "म्हंजे पोचल्याचं पत्र." आणि थोड्या वेळानं विचारलं, "मग परत गेला का बापाला भेटायला?" नाही गेला. चाळीस वर्षं गोव्यात, बहुतेक काळ दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, आणि १६१९ ला तिथंच वारला. माझा भाऊ पुण्याला असतो, तो दर खेपेला पोचला की अण्णांना फोन करतो आणि अण्णा फोन आल्याशिवाय जेवत नाहीत. त्या दिवशी अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

भावाला लिहिलेलं पत्र वेगळं आहे, १५८३ चं, लॅटिनमधलं. पंडित भावाला पंडितासारखं. त्यात त्यानं लिहिलंय की इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्स ह्या इंग्रज भाषापंडितानं हेच दोनशे वर्षांनी सांगितलं आणि त्याचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. त्याच पत्रात साष्टीतल्या कुंकळ्ळी गावचंही आहे, त्याच वर्षी तिथं गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले होते. इकडं हे आणि तिकडं इंग्लंडमध्ये त्याच्याच संघातला एडमंड कॅम्पियन १५८१ ला फासावर गेलेला. दोन्हीकडून मरण, मधे हा माणूस बसून आपली भाषा शिकतोय.

आता दुकान आणि पुस्तक. मला मिळाली ती १९५६ ची पुण्याची आवृत्ती, शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली, ख्रिस्तपुराणाचे दोन्ही भाग (पहिलं पुराण आणि दुसरं पुराण) एकत्र, देवनागरीत. देवनागरी हे महत्त्वाचं, कारण मूळ पुस्तक गोव्यात रोमन लिपीत छापलं होतं, तिथं मराठीचे खिळेच नव्हते. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापलं आणि त्यातली एकही छापील प्रत आज सापडत नाही. पोर्तुगीजांनी १६८४ ला स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला. लोकांनी हातानं नकलून ठेवलं म्हणून हे राहिलं. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनमध्ये होतं, ते जस्टिन अॅबट ह्या अमेरिकन मिशनऱ्यानं उजेडात आणलं, आणि ह्याच अॅबटनं नाथांची आणि दासोपंतांची चरित्रं इंग्रजीत नेली हो, म्हणजे काकांच्या रॅकवरचे तिघंही एका माणसाच्या हाताखालून गेलेत.

किंमत साडेआठशे. जुनी, दुर्मिळ आणि नव्यानं बांधलेली प्रत म्हणून मला ती योग्य वाटली. विकायच्या आधी काकांनी स्वतःहून सांगितलं की मधल्या एका जुजातली (एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यातली) चार पानं नाहीत आणि शेवटाला कसर लागलीय. ती चार पानं त्यांनी दुसऱ्या एका वाचकाच्या प्रतीवरून झेरॉक्स करून, त्याच मापाला कापून आत शिवून दिली होती. बांधणी बघण्यासारखी आहे, पाठीला शिवण पक्की, खळीत मोरचूद घातलेला (म्हणजे पुन्हा किडा लागत नाही), वर कापडी पाठ आणि जाड पुठ्ठा. पुस्तक टेबलावर ठेवलं की पूर्ण उघडं राहतं, हातानं दाबून धरावं लागत नाही. ज्यांच्या घरी वयस्कर वाचणारं माणूस आहे त्यांना ह्याची किंमत कळेल. आजकालच्या नुसत्या चिकटवलेल्या पुस्तकांची पानं आठ दिवसांत हातात येतात.

अण्णा तलाठी होते, रिटायर होऊन सतरा वर्षं झाली, रोज सकाळी नाथांचं भागवत वाचतात. मी पुस्तक समोर ठेवलं आणि काही सांगितलं नाही. त्यांनी पहिली ओवी मोठ्यानं वाचली, "वो नमो विश्वभरिता", आणि थांबून मला विचारलं, हे कुणाचं? ज्ञानेश्वरीच्या चालीवरच चाललंय की. मग पुढे वाचत गेले. ओवीला ते अडखळत नाहीत, शब्दाला अडखळतात, कारण मधे मधे कोकणी येते. पण स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय ते त्यांना लगेच लागलं. मराठीच्या कौतुकाच्या ओव्यांपाशी आले तेव्हा "हरळ" शब्द आला, हरळांत जसं रत्न. मी शाळेत ह्याचा अर्थ फळ्यावर लिहून देते. आई ओट्याजवळ गहू निवडत होती, तिथूनच म्हणाली, "हे काय, हरळच काढूलालेय की मी." म्हणजे धान्यातले बारीक खडे. चारशे वर्षांपूर्वी विल्टशरच्या व्यापाऱ्याच्या पोरानं गोव्यात बसून वापरलेला शब्द आईच्या सुपात होता. मी हे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं आणि त्या मुलीला आईवडिलांचंही सगळं सांगितलं, ती आता दहावीत आहे.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. मामा आले होते, त्यांनी पुस्तक बघितलं आणि चिडले. "देवळं पाडली त्यांनी, आन् तू त्यांचं पुराण घरात आणलंस? कामून?" मामांचं खोटं नाही. साष्टीतली देवळं १५६७ ला पाडली गेली, गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) १५६० पासून होतं, आणि स्टीफन्स त्याच सत्तेच्या आसऱ्यानं तिथं राहिला, लिहिलं तेही धर्मप्रसारासाठीच. हे मी मुलांनाही सांगते. पण पुराणाच्या सुरुवातीलाच असंही येतं की ख्रिस्ती झालेली माणसं त्याला म्हणतात, आमची जुनी पुराणं गेली, आता आम्हाला आमच्या भाषेत दुसरं काहीतरी द्या. ज्यांच्या हातून ओवी गेली त्यांनी ओवी मागितली आणि ह्यानं जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहून दिल्या, पहिल्या पुराणात ३६ अवस्वरु (म्हणजे अध्याय), दुसऱ्यात ५९. अण्णांनी वाद घातला नाही, रात्री मामांना बसवून दहा-बारा ओव्या वाचून दाखवल्या. मामा ऐकत राहिले. मान्य केलं असं नाही, पण उठूनही गेले नाहीत.

त्याच बोलण्यात अण्णांनी दासोपंतांच्या लहानपणीची गोष्ट काढली, ती आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे, वसुली थकली, बिदरच्या बादशहानं पोराला ओलीस ठेवलं, महिन्यात पैसे भरा नाहीतर पोराला धर्मात घेतो म्हणाला, आणि दत्त महाराज पाडेवाराच्या (गावच्या चाकराच्या) रूपानं येऊन भरणा करून गेले. अण्णा तलाठी असल्यामुळे त्यांना ह्या गोष्टीतली वसुली फार खरी वाटते. मला त्या रात्री जाणवलं ते इतकंच की एका घरचं पोर धर्मासाठी ओलीस राहिलं, दुसऱ्या घरचं पोर धर्मासाठी देश सोडून पळालं, तिसरं पैठणचं, आईबाप लहानपणीच गेलेलं, आजोबांनी वाढवलं, आणि तिघांनी शेवटी मराठी ओवीच धरली.

आता तक्रारी. एक, पार्सल. दुसऱ्या खेपेला मी दासोपंतांचं एक पुस्तक मागवलं, काकांनी त्याच दिवशी पाठवलं, मेणकापडात गुंडाळून, कोपऱ्यांना पुठ्ठा लावून, पण कुरिअरवाल्यांनी ते पाच दिवस गोडाऊनला ठेवलं आणि फोनही केला नाही. पॅकिंग चांगलं होतं म्हणून पुस्तक वाचलं. काकांना सांगितल्यावर त्यांनी पार्सलचे पैसे परत केले, मी नको म्हणत होते तरी. दोन, दुकानात पुस्तकांची यादी नाही. काय आहे ते काकांच्या डोक्यात आहे, आणि ते दुपारी जेवायला गेले की मदतनीस मुलाला काहीच सांगता येत नाही, पोरगा चांगलाय पण नवा आहे. काकांनी हे सगळं कुणाला तरी लिहून द्यायला हवं, मी त्यांना तसं बोलले आणि आमच्या शाळेची दोन मुलं सुट्टीत पाठवते असंही म्हटलं. तीन, बसायला एकच स्टूल आहे, उन्हाळ्यात वर फार तापतं, एक पंखा आहे तो काकांच्या टेबलाकडे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर जिन्याचा आणि उकाड्याचा विचार करून सकाळी जा.

बाकी दुकान सकाळी साधारण अकराला उघडतं, रविवारी बंद. यूपीआय चालतं. भाव एकदाच सांगतात, घासाघीस चालत नाही, पण विद्यार्थी असलं तर स्वतःच कमी करतात. पाहिजे ते पुस्तक नसलं तर एका लाल वहीत तुमचं नाव, गाव आणि पुस्तक लिहून घेतात, आणि मिळालं की फोटो पाठवतात, कव्हरचा एक, आतल्या खराब पानाचा एक. हा खराब पानाचा फोटो मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिला नाही. मला त्यांचा फोन तीन महिन्यांनी आला होता, तेव्हा मी विसरूनही गेले होते.

मागच्या महिन्यात अण्णांना घेऊन गेले. जिना चढायला दहा मिनिटं लागली. अण्णांनी रॅक बघितला, नाथांच्या पुस्तकावर हात ठेवला, मग शेजारच्या रिकाम्या जागेवर, कारण ती प्रत आता आमच्या घरी आहे. काकांना विचारलं, त्या पोरानं बापाला लिहिलेलं पत्र मराठीत कुठं पूर्ण मिळंल का हो? काकांनी लाल वही काढली आणि लिहून घेतलं.